तिसरी पिन

गेल्या डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून चंद्रपूरला आला तो घर घेऊनच आला. म्हणजे खरोखरच घर. भाड्याने घेतलेली एक लांबलचक गाडी, तिच्यात दोन पलंग, ओटा, बेसिन, फ्रीज, छतावर सौर पत्रा, आणि मागच्या बाजूला एक इवलीशी न्हाणी, जिच्यात माझ्यासारखा माणूस एकदा शिरला की वळायचे असेल तर बाहेर येऊन वळावे लागेल. भाचा, सूनबाई आणि दोन मुले असा तो संसार ताडोबाला निघाला होता. हिने आधीच दोन खोल्या झाडून, गाद्या उन्हात टाकून ठेवल्या होत्या. पण मुलांचा हट्ट, आम्ही गाडीतच झोपणार! शेवटी गाडी अंगणात उभी राहिली आणि आमचे पाहुणे आमच्याच घरी येऊन स्वतःच्या घरी झोपले.

या प्रकाराला कॅराव्हॅन म्हणतात हे मला ठाऊक होते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली त्यांच्यासाठी खास पर्यटन धोरणही काढले, तेव्हा पेपरात वाचले होते. पण आपल्या अंगणात ती कधी उभी राहील असे वाटले नव्हते.

आल्या आल्या भाच्याने विचारले, "मामा, पंधराचा पॉइंट कुठाय?"

गाडीच्या कुशीला एक निळे झाकण होते. ते उघडून त्यात वायरीचे एक टोक बसवायचे आणि दुसरे टोक घरातल्या प्लगात, की झाले. गाडीची बॅटरी चार्ज, फ्रीज चालू, गीझर चालू. वायरीच्या घराकडच्या टोकाला आपला नेहमीचा जाड, तीन पिनांचा मोठा प्लग होता. आमच्या ओसरीवर मात्र लहान सॉकेट. पंधराचा पॉइंट स्वयंपाकघरात, आणि तिथपर्यंत वायर पोचेना.

"काही प्रॉब्लेम नाही," म्हणून त्याने पिशवीतून एक पांढरा ठोकळा काढला. मोठा प्लग एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने लहान पिना बाहेर. वाटेत यवतमाळला कुठल्याशा दुकानात घेतला होता म्हणे. ठोकळा लागला, प्लग लागला, गाडीत दिवे लागले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, खोटे कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची गोष्ट. आमच्याकडे अजून अंगणात सडा पडतो. फरशी बसवून पंधरा वर्षे झाली, शेण कधीच गेले, पण नळाच्या पाण्याचा का होईना, सडा हवाच. सडा झाला, तुळशीपुढे दोन रेघांची रांगोळी झाली, आणि ही चहाचा स्टीलचा ट्रे घेऊन गाडीकडे गेली. पायात काही नाही. एका हाताने ट्रे सावरून दुसऱ्या हाताने तिने गाडीच्या दाराचा दांडा धरला.

"आई गं!"

ट्रे खाली पडल्याचा आवाज आला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. मी कसा उठलो, सॉकेटचे बटण कसे बंद केले, मला आठवत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या चपळाईने उठू शकतो हेही त्या दिवशी कळले. ही दोन पावले मागे सरून उभी होती, हात झटकत. "काही नाही, मुंग्या आल्या नुसत्या," म्हणाली. भाचा डोळे चोळत बाहेर आला. "स्टॅटिक असेल मामी. थंडीत होतं तसं. स्वेटरनं."

आता मी मराठीचा मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध विज्ञानाचे सर रजेवर असताना त्यांचा तास सांभाळण्यापुरता. पण एवढे मला कळत होते की स्वेटरची वीज एकदा चटका देऊन संपते. मी कपाटातून टेस्टर काढला, बटण पुन्हा चालू केले, रबरी चप्पल घातली आणि टेस्टरचे टोक गाडीच्या दाराला लावले. टेस्टरमधला लाल दिवा लागला. दाराला लावला, लागला. पायरीला लावला, लागला. मागच्या बंपरला लावला तरी लागला. सगळी गाडी, चारी बाजूंनी, बाहेरून, जिवंत होती.

आत चार माणसे रात्रभर शांत झोपली होती!

नंतर लक्षात आले की आतल्यांना काही होण्याचे कारणच नव्हते. विजेच्या तारेवर साळुंकी बसते तिला काही होत नाही, तसेच हे. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, त्यामुळे तिच्यातून कुठे जायला विजेला वाट नाही. गाडी रबरी टायरांवर उभी, म्हणजे जमिनीपासून तोडलेली. आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे की रबर म्हणजे सुरक्षित. इथे उलटे होते. टायर नसते, लोखंडी चाके असती, तर गाडीवर आलेली वीज काही प्रमाणात तरी जमिनीत उतरली असती. टायरांमुळे ती गाडीच्या पत्र्यावर वाट बघत बसते. कोणाची वाट? जो एक पाय जमिनीवर ठेवून दाराला हात लावील त्याची. म्हणजे उतरणाऱ्याची, चढणाऱ्याची, नाहीतर चहा घेऊन आलेल्याची. त्यात जमीन ओली आणि पाय अनवाणी.

आता इथे मला जरा मागे जावे लागेल.

१९८६ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. जिल्हा नवा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघाला, त्यामुळे आम्ही बदली न होताच एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. भाड्याची दीड खोली, वर कवेलू, आणि विजेच्या नावाने एक दिवा, एक पंखा, एक सॉकेट. तेही दोन पिनांचे. विजेची गंमत अशी की ज्या वर्षी जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८३ ला, चंद्रपूरजवळ दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज ते केंद्र २९२० मेगावॅटचे आहे आणि त्याची वीज कुठल्या कुठे जाते. आमच्याकडे मात्र संध्याकाळी दिवा लागला की पोरे अजून "आली, आली!" करून ओरडत.

त्या वर्षी बोनसचे म्हणा, उत्तरपत्रिका तपासल्याचे म्हणा, थोडे पैसे जमले आणि आम्ही कूलर घेतला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो आणि कूलर ही चैन नसते. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, पाण्यात पंप, मधे पंखा. पाणी आणि वीज एकाच लोखंडी पेटीत, आणि पेटी लाकडी स्टुलावर. वर्णन लिहितानाच अंगावर काटा येतो, पण तेव्हा घरोघर हेच होते, अजूनही पुष्कळ घरी आहे. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी असते. एक नाही, अनेक. बहुधा बाई असते, कारण पाणी भरायचे काम तिचे, नाहीतर खेळता खेळता हात लावणारे मूल.

कूलरला तीन पिनांचा प्लग होता. आमचे सॉकेट दोन पिनांचे. वरची ती जाड पिन भिंतीला आडवी येई. दुकानदार म्हणाला होता, "ती काही कामाची नसते गुरुजी, काढून टाका." मी काढून टाकली. हॅक्सॉचे पाते शेजारून आणले आणि दहा मिनिटांत कापली. मला चांगले आठवते, कापताना मला स्वतःचे कौतुक वाटत होते. मास्तर असून हाताने काम करतो!

तीन आठवडे कूलर छान चालला. मग एके दुपारी ही बादलीने त्यात पाणी भरत होती. चालू कूलरमध्येच, कारण बंद केला की खोली भट्टी व्हायची. आत कुठेतरी पंपाच्या वायरीचे आवरण गेले असावे. ती ओरडलीसुद्धा नाही. मी खाटेवर आडवा होतो, मला फक्त बादली पडल्याचा आवाज आला. तिचा उजवा हात कूलरच्या कडेला चिकटला होता आणि ती थरथरत होती. मी तिला धरायला धावलो. घरमालकांच्या मुलाने, बारा-तेरा वर्षांचा असेल, मला मागून ओढले आणि बोर्डावरचे बटण बंद केले. तो मुलगा त्या वेळी ताक द्यायला दारात आला नसता तर आम्ही दोघेही गेलो असतो. तिच्या तळहातावर भाजल्याची खूण आहे. बोटांच्या मुळाशी, आडवी. अजून आहे.

डॉक्टर झाले, सलाईन झाले, गावभर चर्चा झाली. सगळे म्हणाले, कूलर खराब निघाला. मीही म्हणालो, कूलर खराब निघाला. दुकानदाराशी जाऊन भांडलोसुद्धा. कापलेल्या पिनेचे मी कोणाला सांगितले नाही. तिलाही नाही. पुढे वर्षे गेली, सांगायचे राहूनच गेले असे मी मनात म्हणायचो. पण राहून गेले नव्हते, मी ठेवले होते.

त्यानंतर मी विजेबद्दल जे मिळेल ते वाचले. शाळेच्या ग्रंथालयात एक आयटीआयचे पुस्तक होते ते दोनदा वाचले. त्यातून मला कळले ते साधे आहे. लहान पिनांपैकी एकीतून वीज येते, दुसरीतून जाते. तिसरी, जाड आणि लांब, ती यंत्राच्या पत्र्याला जोडलेली असते आणि दुसरे टोक घराबाहेर जमिनीत पुरलेले. यंत्रात बिघाड होऊन पत्र्यावर वीज आली तर तिने माणसातून न जाता त्या तारेतून जमिनीत जावे, आणि जाताना इतक्या जोरात जावे की फ्यूज उडावा, यासाठी ती. लांब का, तर प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. घरातल्या कर्त्या माणसासारखी. या गोल पिना आपल्याला ब्रिटिशांनी दिल्या. ते स्वतः १९४७ नंतर चौकोनी पिनांकडे वळले, आपण गोलच ठेवल्या. आता त्यांना ६ आणि १६ अँपियरच्या म्हणतात, पण दुकानात अजून पाच आणि पंधराच चालते.

तर त्या सकाळी भाच्याचा तो पांढरा ठोकळा मी सॉकेटातून उपटून हातात घेतला. त्याला तीन पिना होत्या. दोन पितळेच्या. तिसरी, वरची, प्लास्टिकची! सॉकेटचे पडदे उघडण्यापुरती. नुसते सोंग. मी १९८६ साली मेहनतीने पाते चालवून जे केले होते ते आता कारखान्यातूनच तयार होऊन येते.

भाचा इंजिनिअर आहे, संगणकाचा. तो ओशाळला. "पण मामा, एमसीबी आहे ना गाडीत? काही झालं तर ट्रिप होईल."

हा गैरसमज मी इतक्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकला आहे की त्यावर थोडे लिहितोच. एमसीबी हा वायरीचा रखवालदार. वायरीतून १६ अँपियरपेक्षा बरीच जास्त वीज जाऊ लागली, वायर तापू लागली, की तो बंद करतो. माणसाचा जीव जायला १६ अँपियर लागत नाहीत. माणसासाठी जे वेगळे उपकरण बसवतात, ज्याला आरसीसीबी म्हणतात (दुकानदार अजून ईएलसीबी म्हणतात), ते ३० मिलिअँपियरला बंद पडते. म्हणजे सोळाच्या पाचशेव्या भागापेक्षाही कमी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सारखे मोजत असते. परत येताना कमी भरली तर उरलेली कुठेतरी भलतीकडे, कदाचित कोणाच्या अंगातून गेली असे समजून सेकंदाच्या लहानशा अंशात दार लावते. एमसीबीला हा हिशेब येत नाही. तुम्ही तारेला चिकटून मेलात तरी त्याच्या लेखी एक छोटासा दिवा लागला आहे.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. मराठीत पस्तिसावर पास झालेला, पण वायरमन पहिल्या प्रतीचा. तो नऊ वाजता आला. आधी त्याने ठोकळा बघितला आणि हसला. "याच्यावर गीझर चालवून राहिले होते?" मग त्याने हिशेब मांडला. सहाच्या सॉकेटातून फार तर तेराशे-साडेतेराशे वॅट ओढायचे. दोन हजारांची शेगडी नाहीतर गीझर लावला की पावणेनऊ अँपियर झाले. सॉकेटची पाती तापतात, मऊ पडतात, सैल झाली की आणखी तापतात. ठोकळ्याची मागची बाजू त्याने मला दाखवली. एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक एका रात्रीत पिवळे पडले होते. शिवाय उरलेली वायर भाच्याने नीटनेटकी गुंडाळून ठेवली होती. वेटोळे केलेली वायर आतल्या आत तापते, ती मोकळी पसरून ठेवायची असते, हे मलाही नवे होते.

मग तो म्हणाला, "सर, घरचं अर्थिंग तरी पाहून घेऊ." मी म्हणालो, आमचे अर्थिंग पक्के आहे. घर १९९४ ला बांधले तेव्हा मी स्वतः उभा राहून खड्डा करवून घेतला होता, मीठ-कोळसा घालून. कूलरनंतर मी त्या बाबतीत कोणाचे ऐकले नव्हते. त्याने साधा शंभराचा बल्ब काढला, एक वायर सॉकेटच्या फेजात, दुसरी अर्थिंगच्या भोकात. अर्थिंग ठीक असते तर बल्ब झकास लागायला हवा होता. लागलाच नाही. मिणमिणलासुद्धा नाही.

"खड्डा कुठं होता सर?"

मी अंगणात गेलो आणि उभाच राहिलो. खड्डा तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला होता. मुलीच्या लग्नाच्या वर्षी अंगणात फरशी बसवली तेव्हा तो फरशीखाली गेला. गवंड्याने वर आलेला पाइप ठोकून आत घातला असणार आणि तार तुटली असणार. पंधरा वर्षे! पंधरा वर्षे या घरात फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन आणि दर उन्हाळ्यात कूलर चालला, आणि सगळ्यांच्या तिसऱ्या पिना बाहेरून एकदम व्यवस्थित होत्या. माझ्या भाच्याच्या ठोकळ्याला मी सोंग म्हणालो होतो. माझे सगळे घरच तसे निघाले.

त्याच दिवशी फरशीच्या चार लाद्या काढल्या. दोन माणसांनी सहा-सात फूट खड्डा केला, नवा पाइप, नवी पट्टी. मुलांना वाटले विहीर खणताहेत. दुपारपर्यंत बल्ब लागला. मीटरजवळ आरसीसीबी बसली. ओसरीवर पंधराचा पॉइंट आला, ठोकळ्याची गरज संपली. आता गाडी लावली, आणि गाडीतला गीझर सुरू करताच, खट्! सगळ्या घराची वीज बंद.

भाचा वैतागला. "काल तर मस्त चालत होतं! आता अर्थिंग दिलं तर उलट बंद पडतंय."

इथेच पुष्कळ लोक त्या यंत्राला शिव्या देऊन ते काढून टाकतात. वायरमन म्हणाला, "काल चालून राहिलं होतं ते चूक होतं, दादा. आज बंद पडून राहिलं ते बरोबर हाय." गीझरच्या कांडीचे आवरण फुटले होते. पाण्यातून वीज गाडीच्या पत्र्यावर येत होती. पुण्यापासून येत होती. वाटेत दोन रात्री ते कुठे कुठे थांबले होते, कोणत्या धाब्यावर वीज घेतली होती, ते भाचा मनात मोजत असावा. धाकटी मुलगी त्या न्हाणीत रोज अंघोळ करत होती. सूनबाई तिला जवळ घेऊन बसली ती बराच वेळ उठली नाही.

गीझरची वायर तोडून टाकली. मग सगळे सुरळीत.

माझी मुलगी अमेरिकेत असते. रात्री तिला हे सांगितले तर ती म्हणाली, आमच्याकडेही हेच. तिथे या गाड्यांचे फार वेड आहे आणि तळांवर विजेचे खांबच उभे असतात, ३० आणि ५० अँपियरचे. घरच्या १५ च्या सॉकेटात ३० चा प्लग घालायला मधे जी जोडवायर मिळते तिला ते कुत्र्याचे हाडूक म्हणतात, दोन्ही टोकांना फुगीर असते म्हणून. तिथला खास घोळ म्हणजे घरी गाडीसाठी ३० चा पॉइंट करून घ्यायला इलेक्ट्रिशियन बोलावला की त्याला कपडे वाळवायच्या यंत्राचा पॉइंट आठवतो. तो २४० व्होल्टचा. गाडीला हवे १२०. मग लावताक्षणी गाडीतले सगळे जळून जाते. हे ऐकून मला बरे वाटले, असे म्हणणे वाईट दिसेल, पण वाटले.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर आमच्या जंगलातली गोष्ट राहू नये. आमच्याकडे, चंद्रपुरातही आणि गडचिरोलीतही, धानाला रानडुकरांचा त्रास. रात्र रात्र मचाणावर बसून माणूस थकतो, मग कोणी बांधाने उघडी तार ओढतो आणि वरच्या लाइनवर आकडा टाकतो. त्याचा शत्रू डुक्कर. पण तारेला डुक्कर आणि दुसरे कोणी यातला फरक कळत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या त्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा. आधी त्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर सापडली, मग शेतात पुरलेला वाघ. वाघाची बातमी होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप पहाटे परसाकडे गेला तो शेजाऱ्याच्या तारेवर गेला. त्याची चार ओळींचीसुद्धा झाली नाही. मुलगा सातवीत होता. तेरावे झाल्यावर शाळेत आला आणि पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मी कारण विचारले नाही. शेजाऱ्याचा मुलगाही त्याच वर्गात, पहिल्याच बाकावर होता.

आता सौर झटका-यंत्रे आली आहेत, वनखात्याच्या योजनेतून अनुदानही मिळते. त्यात तार जिवंत असते ती सेकंदाला एकदा, डोळ्याची पापणी लवायच्या आत. झटका बसतो, जनावर पळते, मरत नाही. वाघाच्या जिल्ह्यात विजेची एवढी अक्कल यायला फार जीव गेले.

तिसऱ्या दिवशी गाडी ताडोबाकडे निघाली. दुर्गापूरवरून, औष्णिक केंद्राच्या चिमण्या डाव्या-उजव्या हाताला मोजत मुले मोहर्लीला पोचली. संध्याकाळी भाच्याचा फोन. जिथे गाडी लावायची तिथे मालकाने स्वयंपाकघरातून एक वायर आणून दिली होती, मधे दोन जोड, टेपने गुंडाळलेले. "मग?" मी विचारले. "मग काही नाही मामा, मी बल्ब लावून पाहिला. नाही लागला. आम्ही बॅटरीवर आहोत." डिसेंबरात पंखाही लागत नाही. बारा व्होल्टवर दिवे आणि फ्रीज दोन दिवस चालले, अंघोळीला मालकाच्या चुलीवरचे पाणी. वाघ दिसला नाही. अस्वल दिसले.

ते गेल्यावर त्या रात्री मी आणि ही ओसरीवर बसलो होतो. अंगणात चार लाद्या अजून बाजूला काढून ठेवलेल्या, ताज्या मातीचा वास. मी म्हणालो, तुला एक सांगायचे आहे. तो गडचिरोलीचा कूलर. त्याची तिसरी पिन मी कापली होती.

ती वाती वळत होती. हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर खाटेखालून केर काढताना सापडली."

मला काही सुचेना. एवढेच विचारले, मग काय केलेस तिचे?

"मोडीत घातली. पितळ होतं."

नव्या खड्ड्यावर वायरमनने झाकण बसवून दिले आहे. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी घालायचे असते. ते काम मी माझ्याकडे घेतले आहे.